पहिलेच काउबॉय बूट घ्यायचेत (ह्यूस्टन, बजेट अडीचशे डॉलर)

फताडा_पाय

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी पुण्याहून ह्यूस्टनला बदली झाली, राहायला केटीला आहे. इथे दरवर्षी रोडिओ भरतो (घोडे-बैलांच्या खेळांचा मोठा मेळा), त्याच्या आधीच्या शुक्रवारी 'गो टेक्सन डे' असतो, त्या दिवशी आमचं अख्खं ऑफिस बूट चढवून येतं. अकाउंट्समधल्या, एरवी कार्डिगनशिवाय न दिसणाऱ्या बाईसुद्धा! मी तेवढा स्नीकर्समध्ये. यंदा घ्यायचेच असं ठरवलंय, पण एका दिवसाचं सोंग म्हणून नको. एरवीही ऑफिसला, बाहेर जेवायला वगैरे घालता यायला हवेत.

काल दुकानात गेलो आणि भंजाळून परत आलो. भिंतभर बूट. टोकदार, गोल, समोरून करवतीने कापल्यासारखे चौकोनी. शहामृगाचे, मगरीचे. किमती दीडशेपासून थेट हजाराच्या वर. माझा पाय पुढून चांगलाच रुंद आहे (अख्खं कॉलेज स्लिपरवर काढलंय), स्नीकर्स साडेनऊ नंबरचे लागतात. टोकदार बुटात बोटं चेंगरतील ना? त्या उंच टाचेवर दिवसभर वावरता येतं का? आणि एक घरगुती अडचण: सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात आणि 'गाईचं कातडं घरात आणायचं नाही' असा हुकूम आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

लिंबाचं_लोणचं

एवढा काथ्याकूट कशाला राव? थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जा, तीस-चाळीस डॉलरमध्ये चांगले वापरून मऊ झालेले बूट मिळतात. पाय चावायची भानगडच नाही. वर्षातून दोनदा घालणार तुम्ही, कपाटात बुरशी खाणार बाकी वेळ.

खोगीर

लोणचंसाहेब, मऊ झालेले असतात ते दुसऱ्याच्या पायाला. आतला तळ आधीच्या मालकाच्या बोटांनुसार दबलेला असतो, त्यात आपला पाय घालायचा म्हणजे परक्या साच्यात घालणं. तिसरा-चौथा जोड घेताना थ्रिफ्ट स्टोअर पालथं घालावं, मीही घालतो. पण पहिला जोड नवा घ्यावा, कारण नीट बसलेला बूट म्हणजे काय हे पायाला अजून ठाऊकच नसतं.

आता फताडा_पाय, तुमच्याकडे वळतो. चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

मी फोर्ट वर्थला असतो आणि शनिवारी वेदरफर्डजवळच्या एका रँचवर घोडे फिरवायला जातो. माझे बूट शेणामातीतले आहेत, त्यामुळे माझी मतं जरा आडमुठी वाटतील. पहिलं मत हे, की टोकाचा आकार सगळ्यात शेवटी बघायचा. दुकानात शिरल्यावर नजर आधी तिथेच जाते, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात आणि सुंदर दिसणारा, पायाला न बसणारा बूट घेऊन घरी येतात.

या बुटाला लेस नसते. लेस का नाही, तर घोड्यावरून पडलात आणि पाय रिकिबीत अडकला, तर बूट तिथे राहून पाय सुटला पाहिजे. नाहीतर घोडा फरफटत नेतो. उंच टाच पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ देत नाही. निमुळत्या टोकामुळे खाली न बघता रिकीब सापडते, आणि गुळगुळीत चामडी तळामुळे पाय झटकन बाहेर येतो. उंच नळी काटेरी झुडपांपासून नडगी वाचवते. नळीवरची ती वेलबुट्टीची शिलाईसुद्धा नुसती नटण्यासाठी नाही. शिवणींमुळे चामडं ताठ राहतं, घोट्यावर गोळा होत नाही. १८६०-७०च्या दशकांत टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरांचे कळप हाकत नेणाऱ्यांच्या गरजेतून हा बूट घडत गेला.

तर लेस नाही, मग बूट पायात राहतो कशाने? पावलाच्या वरच्या उंचवट्यावर आणि टाचेवर. उंचवट्यावर बूट घट्ट हवा, दुखेल इतका नाही, पण चांगला आवळून. पाय आत जाताना क्षणभर अडतो आणि मग पक् करून टाच खाली बसते. तो आवाज आला नाही, पाय सळकन आत गेला, तर तो बूट परत खोक्यात ठेवा, कितीही आवडला असला तरी.

माप कसं घ्यायचं ते नीट वाचा. ब्रॅनॉक नावाची धातूची पट्टी असते, सरकत्या दांड्यांची, पाहिली असेल. त्यावर लांबीची दोन मापं येतात. एक टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत. दुसरं टाचेपासून चवड्यापर्यंत, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं तिथपर्यंत. विक्रेता घाईत असला की पहिलंच घेतो. दुसरं मागून घ्या. दोन्हींत जे मोठं येईल तिथून सुरुवात करायची. स्नीकर्सचा नंबर विसरा, बहुतेकांना काउबॉय बूट त्यापेक्षा अर्धा नंबर लहान लागतो. आणि संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. जाताना जे मोजे बुटात घालणार तेच घालून जा.

रुंदी वेगळी असते, अक्षरांत. पुरुषांच्या बुटांत डी म्हणजे मध्यम, ईई म्हणजे रुंद. आपली रुंद पायवाली मंडळी काय करतात, तर साडेनऊ आवळतोय म्हणून दहा मागतात, दहा आवळतोय म्हणून साडेदहा. नंबर वाढला की बुटाची लांबीही वाढते, आणि चवडा जिथे यायला हवा तिथे येत नाही. बूट एका जागी वाकतो, पाऊल दुसऱ्या जागी. टाच आणि चवड्याच्या मध्ये तळात पोलादी पट्टी असते, पायाच्या कमानीला आधार म्हणून. चवडा चुकला की कमान त्या पट्टीवर बसत नाही आणि दिवसाअखेर तळपाय ठणकतो. लोक दोष टाचेच्या उंचीला देतात. म्हणून नंबर तोच ठेवून ईई मागा. भिंतीवर नसेल तर आतून आणायला सांगा.

उभं राहून तपासायचं ते एवढंच: अंगठ्याच्या मुळाचं हाड बुटाच्या सगळ्यात रुंद जागी आलंय का? टोकावर अंगठा दाबून 'जागा आहे का' बघणं इथे बिनकामाचं. निमुळत्या बुटात बोटं टोकापर्यंत पोचतच नाहीत, तो भाग रिकामा असतो. तुमची चेंगरण्याची भीती त्यामुळे अर्धीच खरी. चवड्यापाशी रुंदी बरोबर असेल तर बेताचं टोक तुम्हाला चालेल. पार सुईसारखं मात्र पहिल्या जोडीत नको. चौकोनी टोकात बोटांना जास्त ऐसपैस वाटतं हे खरं, आणि इथे निम्मी जनता तेच घालते. मला ते फावड्यासारखं दिसतं, पण हा माझा आकस.

टाच: चालायच्या बुटाची साधारण दीड इंच. घोडेस्वारीची त्याहून उंच आणि आत झुकलेली, तिचं तुम्हाला काही काम नाही. 'रोपर' नावाचा प्रकार बघा, टाच इंचभर, टोक गोल, नळी आखूड. ऑफिसला तोही शोभतो.

कातडं. सासूबाईंना बकऱ्याचं चामडं दाखवा. मऊ, चिवट, घड्या पडल्या तरी सहजासहजी चिरत नाही, आणि तुमच्या बजेटात बसतं. फक्त प्रामाणिकपणे सांगतो, ते वरच्या भागापुरतं. चामडी तळ बहुधा गाईबैलाचाच असतो आणि अस्तर कधी गाईचं, कधी डुकराचं. तळ रबराचा घेता येईल, अस्तराचं दुकानात विचारावं लागेल. घरात किती खोलात जायचं ते तुम्ही ठरवा. शहामृग पायाला फार सुखाचं असतं. ते उंचवटे दिसतात ना, तिथून पिसं निघालेली असतात. पण अडीचशेत चांगलं मिळणं कठीण. मगर-अजगराच्या वाटेला जाऊ नका. अशी कातडी देशाबाहेर न्यायची तर वन्यजीव व्यापाराचे परवाने लागू शकतात, पुण्याला नेताना विमानतळावर तमाशा नको.

आणि इकडचे नावाजलेले कारखाने सुरू झाले ते छोट्या कारागिरांपासूनच, म्हणून दुकानातल्या माणसाला माप घ्यायला लावायची लाज बाळगू नका. एच. जे. जस्टिनने १८७९ साली रेड रिव्हरकाठच्या स्पॅनिश फोर्टला काम सुरू केलं, कळप घेऊन जाणारे काउबॉय हेच गिऱ्हाईक. पुढे त्याने टपालाने माप पाठवायचा संच काढला, म्हणजे माणसाने घरबसल्या पाय मोजून ऑर्डर द्यावी. लुकेझी कंपनी १८८३ची, सुरुवात सॅन अँटोनियोत. टोनी लामा कंपनी १९११ची, एल पासोची. सगळ्यांचा पाया मापावर.

अंबाडीची_भाजी

खोगीर, प्रतिसाद छापून शू-रॅकवर चिकटवते आता.

बायकांसाठी दोन गोष्टी जोडते (ऑस्टिन, साउथ काँग्रेस रस्त्यावर बूट बघत फिरणं हा माझा फुकटचा छंद). आपल्यात बी म्हणजे मध्यम, सी म्हणजे रुंद, आणि सी सगळीकडे मिळत नाही. विक्रेतीने पुरुषांचा बूट दाखवला तर नाक मुरडू नका, नंबर साधारण दीडने कमी करायचा. दुसरं, पोटरी. बारा-तेरा इंची नळी नेमकी पोटरीच्या जाड भागावर संपते आणि तिथे रुतते. घालून खुर्चीवर बसून बघा, उभं राहून कळत नाही. मी आखूड नळीवर आले आणि सुटले.

जीन्स बुटात खोचायची की वरून सोडायची यावर खोगीर यांचं मत हवं. माझा नवरा खोचतो आणि मी दहा पावलं मागे चालते.

खोगीर

नवऱ्याला माझा नमस्कार सांगा आणि बूट-कट (बुटावरून जाईल अशी खाली जरा सैल) जीन्स घेऊन द्या. वरून सोडायची. लांबी नेहमीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे बसल्यावर नळी उघडी पडत नाही. घोट्याशी दोन-तीन चुण्या पडतात, त्या पडू द्या. बायकांनी खोचली तर मात्र छान दिसते, हा पक्षपात मला मान्य आहे.

फताडा_पाय

मंडळी, आज ऑफिस सुटल्यावर परत गेलो. ब्रॅनॉकवर बोटांपर्यंत नऊ आलं, चवड्यापर्यंत साडेनऊ! विक्रेता स्वतःच 'हं' म्हणाला. साडेनऊ ईई, बकऱ्याचं चामडं, गडद तपकिरी, टोक बेताचं निमुळतं, दीड इंच टाच. पक् आवाज आला. दोनशे तीसला मिळतायत, उद्यापर्यंत बाजूला ठेवायला सांगितलेत. शंका एकच, चालताना टाच आत वरखाली होते, अर्धा इंच नाही पण पाव इंच नक्की. मोठे झाले का?

सासूबाईंना फोटो पाठवला. 'बकरा ना? मग ठीक,' असं उत्तर आलं. तळाचा विषय मी काढलेला नाही.

खोगीर

नाही झाले. नवा तळ ताठ असतो, तुम्ही पाऊल वाकवता पण तो वाकत नाही, म्हणून टाच उचलली जाते. चवड्यापाशी घडी पडली की ते आपोआप कमी होतं. पाव इंच अगदी योग्य. नव्या बुटात टाच जराही हलत नसेल तर मला काळजी वाटते, तो पुढे आखूड पडतो. उलट पाऊल पुढे घसरून बोटं आपटत असतील तर उंचवट्यावर सैल आहे, तो घेऊ नका. दुकानात गालिचा असतो, त्यावर सगळंच बरं वाटतं. फरशीवर चालून बघायला मागा.

उद्या घेतलेत तर आठवडाभर घरातच घाला, संध्याकाळी तास-दोन तास. तळ स्वच्छ असेतो बदलून मिळण्याची आशा असते. आणि कृपा करून कोल्हापुरीसारखं एरंडेल पाजू नका! कोल्हापुरी चावते म्हणून आपण तेलात मुरवतो, ती सवय हाताला असते. इथे तेलाने चामडं काळवंडतं आणि ढिलं पडतं, मग उंचवट्यावरची पकड गेली. आधी घोड्याच्या केसांच्या ब्रशने धूळ झाडायची, मग चामड्याचं कंडिशनर फडक्यावर अगदी थोडं घेऊन चोळायचं, तेही कातडं कोरडं दिसलं तरच.

काढताना दुसऱ्या पायाच्या टोकाने टाच रेटू नका, शिवण उसवते. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची लाकडी फळी मिळते, बूटजॅक, ती दाराशी ठेवा. ह्यूस्टनच्या दमट हवेत बूट खोक्यात बंद करून ठेवलेत तर लोणचंसाहेबांचं बुरशीचं भाकीत खरं ठरेल. आत सीडरचे बूट-ट्री (बुटाचा आकार टिकवणारे लाकडी साचे) घाला, नाहीतर वर्तमानपत्राचे बोळे.

लिंबाचं_लोणचं

भाकीत मागे घेतो. मलाही पावलावरचा तो उंचवटा शोधावा लागणार असं दिसतंय.

बाकी त्या शुक्रवारी जमलं तर मेमोरियल पार्कला चक्कर टाका. कुठून कुठून घोड्यांवरून, छकड्यांतून निघालेले ट्रेल रायडर्स त्या दिवशी तिथे येऊन पोचतात, आणि शनिवारी डाउनटाउनमध्ये मिरवणूक. खरे, चिखलात मळलेले बूट बघायला मिळतील.

फताडा_पाय

धन्यवाद सगळ्यांना, उद्या उचलतो. शेवटचा प्रश्न: तळ चामड्याचा आहे. ऑफिसच्या लॉबीत चकचकीत फरशी, पाऊस पडला की आरसा होतो तिचा. काय करू?

खोगीर

थोडे दिवस डांबरी रस्त्यावर, सिमेंटवर चाला, तळ खरबरीत होतो आणि पकड येते. तरी घसरत असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन पुढच्या अर्ध्या भागाला रबराचा पातळ पत्रा लावून घ्या. तळ वेल्टला (बुटाच्या कडेने फिरणाऱ्या चामड्याच्या पट्टीला) शिवलेला असेल तर पुढे झिजल्यावर अख्खा बदलूनही मिळतो, म्हणून उद्या पैसे देण्याआधी बूट उलटा करून कडेची शिवण बघून घ्या. नुसता चिकटवलेला निघाला तर दोनशे तीस जास्त आहेत, घासाघीस करा.