मदत हवी आहे: उतारावर शिडी सरकते, काय करू?

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची आंब्याची पॅकिंग शेड आहे, कौलारू. मे संपत आला की कौलं परतायची आणि पन्हळी साफ करायची घाई. परवा गडी वर चढला आणि शिडीचा एक पाय चिऱ्यावरच्या शेवाळावरून चांगला वीतभर सरकला. खाली मी धरून होतो म्हणून निभावलं. नंतर पाहिलं तर पायांचं रबर झिजून गुळगुळीत, आणि खाऱ्या वाऱ्याने बोल्टही गंजलेले.

४ फूट उंचीला शिडीचा पाया भिंतीपासून १ फूट बाहेर, वरचं टोक छपराच्या कडेच्या ३ फूट वर, हे आम्ही पाळतो. १२ फुटांवरच्या वळचणीसाठी पाया ३ फुटांवर येतो, पण नेमका तिथेच उतार! खाली चिऱ्याचा तुकडा सारायचा ही आमच्याकडची जुनी खोड, मला अजिबात पटत नाही.

तुम्ही उतारावर काय करता? एक पाय कमी-जास्त करता येणारी शिडी कणकवली-रत्नागिरीकडे मिळते का? शेडला लागून विजेची तार आहे, म्हणून ॲल्युमिनियम नकोच. फायबरग्लासची शिडी कोणी उन्हापावसात वापरली आहे का? किती वर्षं टिकली?