मदत हवी आहे: समोरच्या पक्षाने नेमलेल्या लवादावर आक्षेप घ्यावा का?

नमस्कार.

माझा आणि माझ्या माजी भागीदाराचा हिशेबाचा वाद भागीदारी करारातील लवादाच्या कलमानुसार तीन लवादांपुढे, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद ऐकून निवाडा देणाऱ्या तीन व्यक्तींपुढे, सुरू झाला आहे. एक लवाद मी नेमला, एक त्यांनी, आणि त्या दोघांनी मिळून तिसरा, म्हणजे अध्यक्ष, निवडला. सहा दिवसांपूर्वी मला समजले की भागीदाराने नेमलेल्या लवादांनी दोन वर्षांपूर्वी त्या भागीदाराच्याच दुसऱ्या एका व्यवहारात सल्लागार म्हणून काम केले होते. नेमणूक स्वीकारताना त्यांनी हे उघड केले नव्हते.

सुरुवातीला माझी अशी समजूत होती की ज्याने त्याने नेमलेला लवाद त्याची बाजू मांडतो. ती चुकीची होती. बाजू वकील मांडतो. लवाद कोणीही नेमलेला असला तरी त्याने दोन्ही पक्षांना सारखेच वागवायचे असते, आणि त्याचा निवाडा तडजोडीच्या प्रस्तावासारखा नाकारता येत नाही. म्हणूनच ही न सांगितलेली गोष्ट मला फार गंभीर वाटते.

आम्हाला लागू असलेला कायदा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये तयार केलेल्या नमुना कायद्यावर बेतलेला आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे निष्पक्षतेविषयी रास्त शंका निर्माण करू शकेल अशी प्रत्येक बाब लवादाने स्वतःहून उघड करायची असते, आणि तेराव्या कलमाप्रमाणे, वेगळी कार्यपद्धती ठरलेली नसेल तर, अशी बाब कळल्यापासून १५ दिवसांत पक्षकाराने लेखी आक्षेप लवादांच्या मंडळाकडे (आमच्या बाबतीत या तिघांकडेच) पाठवायचा असतो. आमच्या करारात वेगळी कार्यपद्धती नाही, त्यामुळे माझ्याकडे नऊच दिवस उरले आहेत.

माझी अडचण अशी आहे की लवाद स्वतःहून बाजूला झाले नाहीत आणि भागीदारानेही आक्षेप मान्य केला नाही, तर त्यावरचा निर्णय मंडळच देते. तो फेटाळला गेल्यास ३० दिवसांत न्यायालयात जाता येते, पण तोवर तेच लवाद सुनावणी पुढे चालवू शकतात. ज्यांच्यावर शंका घेतली त्यांच्यापुढेच साक्ष द्यायची, या विचाराने मी अस्वस्थ आहे. उलट आज गप्प राहिलो, तर निवाडा विरोधात गेल्यावर हाच मुद्दा मांडण्याचा हक्क मी गमावून बसेन, असे मला वाटते.

संपलेले एकच सल्लागाराचे काम रास्त शंकेसाठी पुरेसे मानले जाते का, की काम आणि सध्याचा वाद यांचा संबंधही दाखवावा लागतो? आधी त्या लवादांकडे लेखी खुलासा मागावा, असे माझ्या वकिलांचे मत आहे. परंतु खुलाशाची वाट पाहण्यात मुदत निघून जाईल, ही भीती आहे. अशा प्रसंगातून गेलेल्यांनी किंवा लवाद म्हणून काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.