मदत हवी आहे: शेक (रेडिएशन) चालू असताना पेशी वाढवायचं इंजेक्शन का देत नाहीत?

नमस्कार. आईला (58 वर्षं) गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. 25 पैकी 17 शेक झाले, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. परवाच्या रक्ततपासणीत (सीबीसी) पांढऱ्या पेशी 1,900, प्लेटलेट 82,000. डॉक्टरांनी या आठवड्याची केमो टाळली, शेक चालू ठेवलाय. गुरुवारी पुन्हा रक्त.

दादा पुण्याहून रोज फोन करतो: इंजेक्शन का नाही? त्याने बरंच वाचलंय. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानियात भंगारात गेलेल्या शेकाच्या मशीनमधलं किरणोत्सारी सीझियम लोकांनी हाताळलं, तेव्हा काही रुग्णांना जीएम-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) दिलं होतं. 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी संस्था) अणुदुर्घटनेसाठी फिलग्रास्टिमला, म्हणजे याच पेशी वाढवायच्या इंजेक्शनला, मान्यता दिली: 2 ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) वर किरण बसल्याचा संशय आला की लगेच, रोज किलोमागे 10 मायक्रोग्रॅम. "आईला तर रोजच 2 ग्रे!" हे त्याचं गणित. काहीतरी चुकतंय हे मला कळतं, काय ते सांगता येत नाही. त्यात शेजारच्या खाटेवरच्या काकू तेच इंजेक्शन बर्फाच्या थर्मासमधून आणतात. त्यांना फक्त केमो आहे. ओपीडीत हे सगळं विचारायला वेळच मिळत नाही.

कुणी समजावेल का?

उत्तर
ताई, मी डे-केअरला सिस्टर होते. दादांचे 2 ग्रे संपूर्ण अंगावरचे. तेव्हा हाडांतला सगळाच मगज (रक्तपेशी तिथेच तयार होतात) एकदम मार खातो. आईंचा शेक ओटीपोटापुरता. कमरेच्या हाडांतला मगज दबतो (आणि तो थोडाथोडका नसतो), पण छातीच्या, कवटीच्या हाडांतला शेकाबाहेर राहतो. दुसरं, दुर्घटनेत किरण एकदाच बसतात, नंतर इंजेक्शन. इथे उद्या पुन्हा शेक आहे. इंजेक्शनने मगजातल्या पेशी भराभर विभागायला लागतात, आणि विभागणारी पेशीच किरणांना आणि केमोला आधी बळी पडते. छातीच्या शेक-केमोसोबत दिल्यावर प्लेटलेट जास्त घसरलेल्या दिसल्यात. फिलग्रास्टिमने प्लेटलेट तशाही वाढत नाहीत. काकूंना दोन केमोंच्या मध्ये मोकळे दिवस मिळतात, म्हणून त्यांना चालतं.

डॉक्टरांना एवढंच विचारा: काउंट कितीवर आला तर शेक थांबवणार? आणि ताप 100.4 झाला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.

धागाकर्ती
सिस्टर, खूप आभार. थर्मामीटर आणलं. दादाला तुमचं उत्तर पाठवलंय. निळ्या खुणा दिसतायत, फोन मात्र आला नाही अजून.