पुढचा बॉण्डपट नेमका कधी येईल, आणि दिग्दर्शक व्हिलनवच राहतील का?

घोडबंदरकर (ठाणे):
आमच्या वसाहतीतले काही बॉण्डप्रेमी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मालिकेतला एक जुना चित्रपट पाहून त्यावर चर्चा करणार आहोत. मूळ मालिकेत २५ चित्रपट आहेत, त्यामुळे महिन्याला एक धरला तरी दोन वर्षे सहज जातील, आणि यादी संपता संपता नवा चित्रपट पडद्यावर यावा अशी सर्वांची इच्छा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालिकेचे सर्जनशील नियंत्रण जुने निर्माते असलेल्या ब्रोकोली-विल्सन या भावंडांकडून अ‍ॅमेझॉन एमजीएम या चित्रपट कंपनीकडे गेले, जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव यांचे आणि जुलैअखेर लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांचे नाव जाहीर झाले, इथपर्यंत मला ठाऊक आहे. यूट्यूबवर मात्र कोणी २०२७ची तारीख छातीठोकपणे सांगतो, तर कोणी व्हिलनव मध्येच सोडून जाणार असे म्हणतो. जाणकारांनी आपला अंदाज, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यामागचा हिशेब, मांडावा ही विनंती.

वाशीचा प्रेक्षक:
हिशेब दिग्दर्शकाच्या वेळापत्रकापासूनच सुरू करावा लागेल. व्हिलनव यांच्या तिसऱ्या 'ड्यून'साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे, आणि इतका मोठा चित्रपट हातावेगळा होईपर्यंत ते दुसऱ्या चित्रीकरणाला पूर्ण वेळ देतील हे संभवत नाही. चित्रीकरण २०२७मध्ये सुरू झाले असे मानू. आता खरी मेख पुढे आहे. बॉण्डपट आजवर फार झपाट्याने तयार होत आले: 'कॅसिनो रॉयल'चे चित्रीकरण जानेवारी २००६मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये चित्रपट लागलासुद्धा, 'स्पेक्टर'च्या बाबतीत डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१५, म्हणजे पुन्हा साधारण दहा महिने. व्हिलनव यांची पद्धत अगदी निराळी आहे. दुसऱ्या 'ड्यून'चे चित्रीकरण जुलै २०२२मध्ये सुरू होऊन चित्रपट मार्च २०२४मध्ये आला, आणि त्यातले हॉलिवूडच्या कलाकारांच्या संपामुळे लांबलेले चार महिने वजा केले तरी सोळा महिने उरतात. यूट्यूबवरची मंडळी जुन्या मालिकेचा वेग नव्या दिग्दर्शकाला लावतात, म्हणून त्यांचे उत्तर २०२७ येते. माझे उत्तर २०२८ची अखेर असे आहे.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. डॅनियल क्रेग यांचे नाव ऑक्टोबर २००५मध्ये जाहीर झाले आणि तेराव्या महिन्यात चित्रपट आला. पिअर्स ब्रॉस्नन यांच्या वेळी जून १९९४ ते नोव्हेंबर १९९५ असे सतरा महिने लागले. नव्या नायकाचे नाव अधिकृतपणे जाहीर होत नाही, तोवर कोणत्याही तारखेवर एक रुपयाही लावू नये.

नौपाडा निवासी:
हिशेब पटला, पण दिग्दर्शकाबद्दलची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मागच्या बॉण्डपटाचे, म्हणजे 'नो टाइम टू डाय'चे, दिग्दर्शक म्हणून डॅनी बॉइल यांचे नाव मे २०१८मध्ये जाहीर झाले होते आणि ऑगस्टमध्ये ते बाहेरही पडले. सप्टेंबरमध्ये कॅरी फुकुनागा आले, आणि २०१९च्या शरदात लागायचा चित्रपट आधी या बदलामुळे आणि मग करोनामुळे थेट २०२१पर्यंत लांबला. तरीही या वेळी तसे होईल असे मला वाटत नाही. बॉइल यांनी आपला लेखक सोबत आणला होता आणि मतभेद पटकथेवरून झाल्याचेच तेव्हा बोलले गेले. व्हिलनव केवळ दिग्दर्शक नसून कार्यकारी निर्मातेही आहेत, आणि एमी पास्कल व डेव्हिड हेमन हे निर्माते त्यांच्या आधीच ठरलेले होते. म्हणजे कोणाबरोबर काम करायचे आहे हे पाहूनच त्यांनी होकार दिला असणार.

शिवाय नव्या मालकांना फार रेंगाळणे परवडणारे नाही. बॉण्डचे जनक इयन फ्लेमिंग १९६४मध्ये वारले, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्यांच्या कादंबऱ्यांवरचा स्वामित्वहक्क २०३४च्या अखेरीस संपतो. (भारतात ही मुदत साठ वर्षांची असल्याने तो २०२४च्या शेवटीच संपला, हे फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही.) तोवर निदान दोन-तीन चित्रपट त्यांना उरकायचे असतील.

खारघरची वाचक:
सर्वांनी परदेशातली तारीख धरली आहे. आपल्याकडची वेगळी असू शकते. 'स्पेक्टर' ब्रिटनमध्ये २६ ऑक्टोबर २०१५ला लागला, पण दिवाळीतल्या मोठ्या हिंदी चित्रपटाला वाट करून देत भारतात २० नोव्हेंबरला आला. 'नो टाइम टू डाय' ३० सप्टेंबर २०२१ला भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा महाराष्ट्रातली चित्रपटगृहे बंद होती आणि ती २२ ऑक्टोबरला निम्म्या आसनक्षमतेने उघडली. बंगळूरच्या नातेवाइकांनी शेवट सांगून टाकल्यावर मी तो सीवूड्सला पाहिला, याचा राग अजून गेलेला नाही. २०२८ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आटोपते, त्यामुळे नोव्हेंबरचा मुहूर्त निघाला तर या वेळी पडदे मिळायला अडचण पडू नये.

घोडबंदरकर (ठाणे):
सर्वांचे आभार. २०२७चा आग्रह धरणारे आमच्याकडे दोघे आहेत, त्यांना हा दहा आणि सोळा महिन्यांचा फरक दाखवतो. कासारवडवलीच्या मेट्रोने आम्हा घोडबंदरवासीयांना वाट पाहण्याचा सराव करून दिलेलाच आहे. तूर्त महिन्याला एक हाच वेग ठेवतो, आणि नायकाचे नाव जाहीर झाले की उरलेली यादी मोजून गरज पडल्यास महिन्याला दोन करतो.