मदत हवी आहे: लाईन (वीज) गेली की 'थांबा'ची खूणच पुसली जाते

नमस्कार मंडळी, घाटंजी तालुक्यातून लिहितोय. आमच्या कास्तकार गटासाठी घरी रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरवर दोन पायथन स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) चालवतो. रात्री 8 ला कापसाचे भाव उतरवून घ्यायचे, पहाटे 5 ला टेलिग्राम ग्रुपवर टाकायचे. दोन्ही क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालतात. गडबड दिसली तर कामं थांबवता यावीत म्हणून फ्लास्कमध्ये (पायथनचं वेबपानं बनवायचं साधन) एक पान केलंय. 'थांबव' दाबलं की टेंप फोल्डरमध्ये 'थांबा' नावाची रिकामी फाईल बनते, ती असेल तर स्क्रिप्ट पुढे जात नाही.

गेल्या मंगळवारी स्क्रिप्टने चुकीचा रकाना उचलला. बाजारभावाच्या जागी लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव, क्विंटलला 8110 रुपये. मी पाहिलं, 'थांबव' दाबलं आणि निजलो. दीडला लाईन गेली, चारला आली, आणि पाचला तोच 8110 ग्रुपवर पडला. शेजारच्या काकाजींनी तो वाचून मेटाडोर बोलावला. मी उठलो तोवर गाडी गेली होती, अंगणात सांडलेला कापूस त्यांची नात वेचत होती. खासगी जिनिंगवर भाव बराच कमी निघाला. परतीचं भाडं नको म्हणून त्यांनी तिथेच माल घातला. मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

खूण पुसली का गेली? आणि वावरात असताना थांबवायचं कसं? पान फक्त घरच्या वायफायवर उघडतं, सिमच्या नेटला बाहेरून पोचता येत नाही. लाईन आल्यावर पायचं घड्याळही काही वेळ मागे असतं.

प्रतिसाद 1
भाऊ, टेंप फोल्डर मशीन सुरू होताना रिकामं होतं, म्हणून खूण गेली. फाईल व्हार-लिब या कायम राहणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लिहिल्यावर एफसिंक करा (लगेच कार्डवर उतरवायची आज्ञा), नाहीतर लाईन त्याच क्षणी गेली तर ती कार्डवर उतरलेलीच नसते. पण मी तर खूणच उलटी करीन. 'थांबा' असेल तर थांब, असं नको. ज्या पहाटे पाठवायचं त्या तारखेची 'मंजूर' फाईल असेल तरच पाठव. मग काहीही बिघडलं तरी काम थांबलेलंच राहील.

घड्याळाचं कारण, पाय 4 मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. नेट येईपर्यंत तो शेवटची साठवलेली वेळच धरून चालतो. डीएस3231 चं मॉड्यूल, म्हणजे बॅटरीवर चालणारं छोटं घड्याळ, लावा. क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर (वेळेवर काम चालवायची दुसरी सोय) घ्याल तर त्यातलं पर्सिस्टंट हे सेटिंग चालू ठेवू नका, नाहीतर हुकलेलं काम लाईन येताच धावेल.

प्रतिसाद 2
दादा, ग्रुपवर भाव टाकणारा टेलिग्राम बॉट आहेच ना तुमच्याकडे? त्यालाच रात्री तुम्हाला एकट्याला भाव पाठवू द्या, खाली 'मंजूर' आणि 'थांबव' अशी दोन बटणं. टेलिग्रामच्या गेटअपडेट्स या सोयीने पाय स्वतःच टेलिग्रामकडे विचारत राहतो, बाहेरून आत यावं लागत नाही. फक्त बटण कोणी दाबलं तो आयडी तपासा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मंजूर फाईल आणि बटणं काल रात्री बसवली. मुद्दाम तीनदा प्लग काढला, तिन्ही वेळा काम थांबलेलं राहिलं. आता भाव नेमका 8110 आला तर बॉट मंजुरी मागताना वेगळी सूचनाही देतो. घड्याळाचं मॉड्यूल यवतमाळला मिळतं का, कोणी तिथून घेतलं असेल तर सांगा. काकाजींकडे आज संध्याकाळी जातोय.