शाळेतलं जेवण : कुणाचं अडलं, कुणाचं भागलं? अनुभव लिहा

धागाकर्ती, पुणे (माहेर श्रीगोंदा)

आईच्या ट्रंकेत निळ्या फुलांचा एक अभ्रा आहे. त्याच्या तोंडाशी नाडी ओवलेली आहे. शाळेचा तांदूळ आणायचा अभ्रा तो.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहाराची योजना आली, तेव्हा शाळेत शिजवत नव्हते. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की मुलामागे ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. मी तिसरीत, भाऊ पहिलीत, म्हणजे ६ किलो. आमच्याकडे रोज भाकरी, भात सणावारीच, त्यामुळे तांदूळवाटपाच्या दिवशी आम्ही दोघं पळतच घरी यायचो. एका महिन्यात मला गोवर आला. हजेरी भरली नाही. गुरुजींनी भावापुरतंच मोजलं आणि अभ्रा अर्धाच भरला. गुरुजींचा दोष नव्हता, नियमच तसा होता. पण आजारातून उठलेल्या पोराचंच धान्य कापायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

२८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर आदेश दिला की शाळेत शिजवलेलं अन्नच द्यायचं. माझी धाकटी बहीण शाळेत गेली तोवर खिचडी सुरू झाली होती. तिला कुणी महिन्याची हजेरी विचारली नाही. आज आलीस ना, मग बस ताटावर.

आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीचं जेवण सगळ्यांना मोफत आहे, कुणाचं उत्पन्न बघत नाहीत. ते तसंच राहावं, आणि जिथे नाही तिथे यावं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरातलं, वर्गातलं लिहा. शाळेचं नाव नको.

*

एक आजोबा, सदाशिव पेठ

माझे वडील कोकणातून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सात दिवस, सात घरं. एखाद्या घरी सुतक आलं किंवा मंडळी गावाला गेली, की तो वार कोरडा. त्यांना मरेपर्यंत पाठ होतं : सोमवारच्या घरी ताक मिळे, गुरुवारच्या घरी शिळी पोळी. चांगले लोक होते सगळे, वडील त्यांचं नाव आदरानेच घ्यायचे. पण आमच्या लग्नकार्यातसुद्धा त्यांनी कधी दुसऱ्यांदा भात मागून घेतला नाही. आई न विचारता वाढायची, तेवढाच खायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मागायची सवय मोडली ती मोडलीच."

*

सातारा

काका, वाचून गलबलून आलं. माझे आजोबा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात होते. कर्मवीरांनी १९२४ साली साताऱ्यात ते सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. पोरं पाणी भरायची, लाकडं फोडायची, स्वयंपाकही करायची. पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आजोबा त्यांना वहिनी म्हणायचे आणि सणाला पहिला नैवेद्य त्यांच्या नावाने काढायचे.

*

प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने, असं कागदावर आहे. (सहावी ते आठवीला १५० ग्रॅम.) शिजलं की वाढण्याआधी मी चव घेते आणि चवीच्या वहीत सही करते. २०१३ मध्ये बिहारात छपऱ्याजवळ शाळेचं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. तेव्हापासून ती सही मी कधीच आधी करून ठेवत नाही. आधी घास, मग सही.

मला सांगायचंय ते पटावर नसलेल्या लेकरांबद्दल. दुसरीतली एक मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. तीन वर्षांचा असेल. आई-बाप रोजंदारीवर, घरात सांभाळायला कुणी नाही. ती त्याला मांडीवर घ्यायची आणि मटकी वेचून त्याला भरवायची. मटकी त्याच्या तोंडात, भात हिच्या. मी महिनाभर बघत राहिले, कारण लाभार्थी संख्या पटाप्रमाणेच लिहायची असते. मग आमच्या स्वयंपाकी मावशींनी एक दिवस काही न बोलता एक छोटी वाटी मांडली. त्या वाटीचा हिशोब कुठल्याच रकान्यात नाही, आणि मीही तो कधी मागितला नाही.

दिवाळीच्या आसपास गाव निम्मं रिकामं होतं. ऊसतोडीला कोयत्यावर नवरा-बायको जातात, लेकरं सोबत. म्हणजे इथलं ताट सुटतं, आणि तिथे फडात शाळाच नसते. हंगामी वसतिगृह चालू झालं त्या वर्षी माझी अठरा पोरं मागे राहिली, सकाळ-संध्याकाळ जेवली. ज्या वर्षी ते वेळेत सुरू झालं नाही, त्या वर्षी चार राहिली. आई-बाप लेकराला शाळेसाठी मागे ठेवायला तयार असतात हो, पण त्याच्या दोन वेळच्या जेवणाचं कुणीतरी सांगावं लागतं.

*

एक आई, पिंपरी-चिंचवड

माझ्या मुलाचा नंबर खासगी शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत लागला. सोडतीचा मेसेज आला त्या दिवशी यांनी रिक्षातून सगळ्या आळीला पेढे वाटले. फी माफ, पण जेवणाचे पैसे वेगळे होते आणि ते आम्हाला झेपणारे नव्हते. मी म्हटलं, डबा देते.

दोन महिने डबा तसाच परत यायचा. पोळीची गुंडाळी, तिला एक चावा, बस. विचारलं की म्हणायचा, भूकच नसते. शेवटी तिथल्या एका मावशींनी गेटवर सांगितलं : सगळी मुलं हॉलमध्ये जेवायला जातात, बाहेरचं अन्न हॉलमध्ये चालत नाही म्हणून तुमचा आणि अजून दोघं वर्गात बसतात. तिघंही आरटीईची. पहिलीतल्या लेकराला कुणी काही बोललं नव्हतं, पण त्याला सगळं कळलं होतं.

मी भांडायला म्हणूनच गेले होते. वर्गशिक्षिकांनी ऐकून घेतलं, माझ्यासमोर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःचा डबा घेऊन या तिघांबरोबर हॉलमध्ये बसायला लागल्या. त्यासाठी वर कुणाशी बोलल्या, काय ऐकून घेतलं, मला माहीत नाही. आठवडाभरात पैसे भरलेली मुलंही घरी डब्याचा हट्ट करायला लागली. आता त्या टेबलावर अकरा जण बसतात. परवा डबा परत आला तो चाटूनपुसून, आणि मुलगा म्हणाला, उद्या दोन पोळ्या जास्त दे, एकाला आवडते तुझी.

तरी एक खुपतं. समोरच पालिकेची शाळा आहे, शेजारणीची मुलगी तिथे रोज फुकट जेवते. माझा मुलगा कायद्याने या शाळेत आला आणि कायद्यानेच त्याचं ताट गेलं, कारण विनाअनुदानित शाळेला आहार लागू नाही. शिकायचा हक्क दिला, तर दुपारचं जेवणही त्यातच धरायला हवं होतं.

*

नाशिक

माझं छोटंसंच आहे. आठवीपर्यंत खिचडी. नववीला त्याच आवारात, शेजारच्या खोलीत बसायला लागलो आणि ताट बंद झालं, कारण योजना आठवीपर्यंतच. भूक काय नववीत कमी होते का? उलट वाढते. दुपारच्या सुट्टीत मी नळावर जायचो, पोटभर पाणी प्यायचो आणि ग्राउंडला दोन चकरा मारायचो, म्हणजे घरी जेवून आलो असं वाटावं. माझ्याबरोबरचे दोघं दहावीआधीच गॅरेजला लागले. जेवणामुळेच असं मी म्हणणार नाही, पण गॅरेजवाला दुपारी जेवू घालायचा, हे खरं.

*

कॅलिफोर्निया

नाशिकच्या दादांचं वाचून लिहितेय. २०१६ मध्ये आम्ही अमेरिकेतल्या दुसऱ्या एका राज्यात होतो, लेक दुसरीत. तिथे मुलाच्या जेवणाचं खातं असतं, पालकांनी ऑनलाइन पैसे भरायचे. माझ्याकडून भरायचे राहिले. लेक गरम जेवणाचा ट्रे घेऊन काउंटरवर गेली, खात्यात पैसे नाहीत असं दिसलं, तिच्या हातातला ट्रे घेऊन तिच्यासमोर कचऱ्यात टाकला आणि चीजचं गार सँडविच दिलं. मी रात्री पाच मिनिटांत पैसे भरले. पण तिने सांगितलं की तिच्या पुढच्या मुलीला आठवडाभर तेच सँडविच मिळतंय आणि आता त्या मुलीजवळ कुणी बसत नाही. तिच्या आईला पाच मिनिटांत भरता येत नव्हते, एवढाच फरक.

२०१७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने कायदा करून उधारीवरून मुलांना असं लाजवायला बंदी केली. कोविडच्या काळात जून २०२२ पर्यंत देशभर बहुतेक शाळांत जेवण मोफत होतं, आणि २०२२-२३ च्या शालेय वर्षापासून कॅलिफोर्नियाने ते कायमचं केलं, बारावीपर्यंत. नववीची रेघ इथे नाही. लेक आता हायस्कूलला आहे, रांगेत उभी राहते, ट्रे घेते, निघते. काउंटरवर काय घडलं होतं ते मात्र ती विसरलेली नाही.

*

चेन्नई

इथे एक भर घालते. तेव्हाचे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये तमिळनाडूत दुपारचं जेवण सुरू केलं, नंतरचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ मध्ये वाढवलं, आणि सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिकच्या मुलांना नाश्ताही मिळतो. आमच्याकडे काम करणाऱ्या अक्का आधी पहाटे चारला उठून मुलाचं करायच्या. आता साडेपाचला उठतात.

*

स्वयंपाकी मावशींची मुलगी, यवतमाळ

बीडच्या मॅडम, तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. माझी आई गेली चौदा वर्षं शाळेत शिजवते. आधी चूल, आता गॅस. मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने, आणि मध्येच रखडतं. सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू ती घरून नेते. तिला मी कितीदा म्हटलं, सोड ते काम, कापसाच्या वेचणीत जास्त मिळतात. ती म्हणते, मी सोडलं तर दहा दिवस खिचडी बंद राहील.

तिला नावनिशी माहीत आहे कोण घरून उपाशी येतं. वाढताना ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, डाव तेवढा खोल घालते. आणि सोमवारी तांदूळ जास्त भिजवते. रविवारी शाळा नसते ना.

*

प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

ताई, आमच्याकडेही सोमवारीच पातेलं पुरत नाही. मला वाटायचं, आमच्याच गावात.