पोळ्यावाल्या मावशी आणि लाडली बहनाचे दीड हजार

सुदामानगरकर: आमच्या पोळ्यावाल्या मावशींनी काल काम सोडलं. मध्य प्रदेश सरकारच्या ‘लाडली बहना’ योजनेतून घरबसल्या महिन्याला १,५०० मिळतायत, मग कणीक कोण मळणार? टॅक्स आम्ही भरायचा आणि सरकारने बायकांना आळशी करायचं!

रामबागवाली: गप्प बसणार होते, पण ‘आळशी’ वाचलं आणि डोकंच फिरलं. १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यात कोण घरी बसतं हो? जून २०२३ मध्ये पहिला हप्ता आला तो १,००० चा. ऑक्टोबरात १,२५० झाले, नोव्हेंबर २०२५ पासून १,५००. तेवढ्या काळात तुम्ही मावशींचे किती वाढवलेत?
आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या ताईंनी पहिल्या दोन हप्त्यांत चष्मा केला. नवऱ्याला न विचारता. आता सुईत दोरा ओवता येतो, म्हणून दुपारी फॉल-पिको करतात. ह्या आळशी?

सुदामानगरकर: आमचा पगार काढायचं कारण नव्हतं. १,२०० देतो, दिवाळीला साडीही देतो.

भिया_राजवाडा: साडी राहू द्या. दोन्ही वेळचे १,२००?

सुदामानगरकर: एकाच वेळचे. बारा पोळ्या. त्याही वातड.

भिया_राजवाडा: महिन्याच्या ३६० पोळ्या झाल्या. पोळीमागे तीन रुपये तेहतीस पैसे. ह्या भावात मऊसूत पण पाहिजे तुम्हाला, भिया!

सुदामानगरकर: कणीक, गॅस आमचा असतो. हिशेब नीट करा.

रामबागवाली: हात त्यांचे असतात.

एकटीच_बरी: झाल्या पोळ्या मोजून? मी ४८ वर्षांची, लग्न केलं नाही. आईचं करता करता नोकरी गेली. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता सगळ्या बसतात यादीत, मी नाही. महाराष्ट्राने लाडकी बहीणमध्ये घरातली एक अविवाहित तरी धरली. इथे बहीण व्हायला आधी कुणाची तरी बायको व्हावं लागतं.

रामबागवाली: ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि खातं बाईच्या एकटीच्या नावावर लागतं खरं, पण कित्येक घरांत ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, हेही कबूल करते.

सुदामानगरकर: बरं बाई, ‘आळशी’ मागे घेतला. दीड हजार देईन म्हणून सकाळपासून फोन लावतोय, दर वेळी नवराच उचलतो.

भिया_राजवाडा: म्हणजे घरी कोण बसलंय ते कळलं.